ऐंशीची हाक

आमच्या बाबांबरोबर व्हॅनमधून जाणं म्हणजे शिक्षा असते, हे मी आजवर वीसेक माणसांना तरी सांगितलं असेल. बडोद्यात सुभानपुऱ्याहून खंडेराव मार्केट गाठायला रिक्षावाल्याला वीस मिनिटं लागतात, बाबांना चाळीस. मागून हॉर्न वाजत राहतात, स्कूटरवरची पोरं वळून बघतात, एखादा काच खाली करून गुजरातीत त्यांच्या वयाची चौकशी करतो. बाबा ढिम्म. रस्त्याच्या कडेला वेगाचा बोर्ड दिसला की ते हात उचलून मोठ्यानं म्हणायचे, "चाळीस." आणि शेजारी बसलेली आई तस्साच हात उचलून म्हणायची, "चाळीस."

मी मागच्या सीटवर बसून कपाळाला हात लावायची. पुढे बसायचं मी नेहमीच टाळायची, कारण पुढे बसलं की हाक द्यावी लागायची.

बाबा, म्हणजे दत्तात्रेय भारंबे, मूळचे भुसावळकडचे. नोकरी मात्र सगळी बडोद्याला झाली. छत्तीस वर्षं त्यांनी रेल्वेचं इंजिन चालवलं. इंजिनात दोन माणसं असतात, ड्रायव्हर आणि त्याचा सहायक. पुढचा सिग्नल दिसला की एकानं हात करून तो मोठ्यानं सांगायचा आणि दुसऱ्यानं तोच परत म्हणायचा. दोघांनी म्हटल्याशिवाय सिग्नल बघितला असं धरतच नाहीत. निवृत्त झाल्यावर बाबांनी एक सात सीटांची व्हॅन घेतली, आईच्या नावावर, आणि शेजारच्या सीटवर आईला बसवून तिला सहायक करून टाकलं. आईला यात काही वावगं वाटलं नाही. नवरा इतकी वर्षं घराबाहेर काय करत होता ते आता कुठे कळतंय, असं ती म्हणायची.

त्यांचा आणखी एक नियम होता. सिग्नल नीट दिसत नसेल, दिवा विझलेला असेल, मनात जरा जरी शंका असेल, तर त्याचा सगळ्यात कडक अर्थ धरायचा. करजणच्या बाजूला हायवेवर जे बोर्ड आहेत, त्यांवर मोटारीचं चित्र आणि पुढे शंभर, ट्रकचं चित्र आणि पुढे ऐंशी असं लिहिलेलं आहे. व्हॅनचं चित्र नाही. व्हॅन घेतली त्या पहिल्याच आठवड्यात बाबांनी गाडी कडेला उभी केली, खाली उतरून तो बोर्ड न्याहाळला आणि परत येऊन निकाल दिला.

"आपल्याबद्दल काही लिहिलेलं नाही. म्हणजे ऐंशी."

"बाबा, ही मोटारच आहे. जरा उंच आहे इतकंच."

"चित्रातल्यासारखी दिसते का?"

नव्हती दिसत. आमची गाडी चारचाकी पत्र्याच्या पेटीसारखी दिसते. मी नाद सोडला. खरं तर फोनवर शोधलं असतं तर दोन मिनिटांत खरं काय ते कळलं असतं. मी शाळेत विज्ञान शिकवते, मुलांना रोज सांगते की नुसतं मत देऊ नका, बघून या. पण मी बघितलं नाही. त्यांची चेष्टा करण्यात मला जास्त गोडी होती.

*

महिन्यातल्या एका गुरुवारी ते दोघं नारेश्वरला दर्शनाला जायचे. नर्मदेच्या काठी तासभर बसायचं, प्रसाद घ्यायचा आणि करजणवरून हायवेनं परत. ऑगस्टमधल्या त्या गुरुवारी परतताना करजणच्या अलीकडे आईच्या पाठीत आणि छातीत एकदम कळ आली. बाबांनी तिथल्या एका दवाखान्यापाशी गाडी थांबवली. डॉक्टर जागेवर नव्हते, कंपाउंडर म्हणाला, थेट बडोद्याला घेऊन जा. अँब्युलन्सला फोन केला तर यायला वीस मिनिटं लागतील असं समजलं. बाबांनी आईला पुन्हा पुढच्या सीटवर बसवलं आणि स्वतःच निघाले.

मी शाळेतून परस्पर दवाखान्यात पोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं. आई स्ट्रेचरवर होती आणि तिच्या अंगावर चादर होती. बाबा भिंतीला टेकून उभे होते, हातात व्हॅनची किल्ली. मी त्यांच्याजवळ गेले आणि आयुष्यात कधी विसरता येणार नाही असं बोलले.

"किती वेगानं आणलंत तिला? साठनं? का बोर्डावर लिहिलंय तेवढ्या ऐंशीनं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्यानंतर तासाभरानं डॉक्टरांनी मला एकटीला बाजूला बोलावलं. छातीतली मोठी रक्तवाहिनी फाटली होती, असं ते म्हणाले. "आमच्या दारात झालं असतं तरी आमच्या हातात फार काही नव्हतं. हे वडिलांना सांगा. ते स्वतःला दोष देत बसतील." मी मान हलवली. आणि बाबांना सांगितलं नाही.

का नाही सांगितलं, ते स्पष्टच लिहिते. डॉक्टर खरं सांगत होते हे मला कळत होतं. पण आई गेली होती आणि मला कुणावर तरी चिडायचं होतं. डॉक्टरांचं म्हणणं बाबांना सांगितलं असतं तर चिडायला कुणी उरलं नसतं. म्हणून ते मी माझ्यापाशीच ठेवलं. तेराव्याला सांगू म्हटलं, मग दिवाळीनंतर सांगू म्हटलं. एका घरात आम्ही दोघं, सकाळी चहा, रात्री भात, मध्ये कामापुरते शब्द. बाबांनी व्हॅनवर कापड टाकलं आणि ते तिला हात लावेनासे झाले. मी मनात रोज त्यांना त्या हायवेवरून ऐंशीनं जाताना बघत होते, आणि रोज नव्यानं चिडत होते.

*

डिसेंबरात गॅस संपला. सिलिंडर आईच्या फोनवर नोंदलेला, त्यामुळे ओटीपी तिथेच येणार. चार महिने कपाटात पडलेला तिचा फोन मी काढला आणि चार्जिंगला लावला. सुरू झाल्याबरोबर साठलेले मेसेज धडाधड यायला लागले. साड्यांचा सेल, बँकेची सूचना, भजनी मंडळाची वेळ. आणि त्यांत दोन मेसेज वाहतुकीच्या दंडाचे. गाडी आईच्या नावावर, म्हणून चलन तिच्या फोनवर आलं होतं. पहिला ऑगस्टातला होता. दुसऱ्यात म्हटलं होतं की महिनाअखेरपर्यंत दंड भरा किंवा हरकत घ्या, नाहीतर प्रकरण कोर्टात जाईल.

मी त्यातली लिंक उघडली. एकोणीस ऑगस्ट, सोळा वाजून सत्तेचाळीस मिनिटं. करजण ते बडोदा हायवे. मर्यादा ऐंशी, वेग चौऱ्याण्णव.

मी ते दोन आकडे कितीदा वाचले कोण जाणे. माझ्या बाबांनी, छत्तीस वर्षांत ज्यांच्या नावावर एक ठपका नाही त्या माणसानं, त्या दिवशी मर्यादा ओलांडली होती. आणि मी त्यांना चार महिने ऐंशीनं चालवत होते.

खाली फोटो होता. कॅमेऱ्यानं गाडी समोरून टिपली होती. काचेवर ऊन होतं, तरी दोघं दिसत होती. बाबा स्टिअरिंगवर वाकलेले. आई सीटला मान टेकून बसलेली, आणि तिचा हात वर उचललेला. तिचा तो शेवटचा फोटो. मला वाटलं, ती कळवळून सांगतेय, लवकर चला. मी तिथेच ओट्याला टेकून रडले. गॅसचा ओटीपी येऊन गेला आणि त्याची मुदतही संपली.

संध्याकाळी मी फोन बाबांच्या समोर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, फोटो मोठा करून बघितला. बराच वेळ आईच्या हातावर त्यांचं बोट होतं.

"हाक देतेय," ते म्हणाले.

"काय?"

"ऐंशीचा बोर्ड होता तिथे. ती हाक देतेय." त्यांनी फोन उलटा करून ठेवला. "दंड भरून टाक, वसू."

मी भरणार नव्हते. माझ्या डोक्यात तोवर सगळं ठरलं होतं. आजारी माणसाला नेताना वेग ओलांडला तर दंड माफ करा म्हणून अर्ज करता येतो. दवाखान्याचे कागद होते, वेळ होती, मृत्यूचा दाखला होता. मी बाबांवर जो आरोप केला होता त्याची भरपाई मला करायची होती, आणि ती करायला हे चलन आयतंच हातात आलं होतं. बाबांच्या नावावर काही राहू द्यायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं.

"कशाला?" बाबा म्हणाले. "वेग जास्त होता. ती सांगत होती, मी ऐकलं नाही."

"बाबा, ती मरत होती."

"म्हणून काय बोर्ड बदलतो?"

असं बोलणाऱ्या माणसाशी वाद घालून मी उभी हयात काढली आहे. तेव्हाही घातला. दोन दिवस घातला. शेवटी मी म्हटलं की तुम्हाला काही मागायचं नाही, मी मागेन, तुम्ही फक्त काय झालं ते सांगायला चला. गाडी चालवणारा माणूस आणि गाडी दोन्ही हजर हवीत असं कार्यालयातून कळलं होतं. चौकशीला बोलावलं तर जायचंच असतं, हे मात्र बाबांना पटलं. त्यांनी व्हॅनवरचं कापड काढलं. बॅटरी उतरली होती, मेकॅनिकला बोलावून ती चालू केली, आणि चार महिन्यांनी ते स्टिअरिंगवर बसले. मी सवयीप्रमाणे मागे बसले. रस्त्यात तीन बोर्ड आले. बाबांनी हात उचलला नाही, आणि कुणी काही बोललं नाही.

*

चलनाच्या हरकती ऐकायला एक अधिकारी होते, उदयसिंहराव. बडोद्यातल्या जुन्या मराठा घरातले, मराठी बोलायचे ते इथल्या वळणाचं.

"भारंबे? एटले, म्हणजे मराठी. बसा ने काका, बसा. बोला बेन, काय आहे?"

मी कागद पुढे केले आणि सांगायला सुरुवात केली. नीट सांगायचं म्हणून घरी दोनदा म्हणून बघितलं होतं. पण मी दुसऱ्या वाक्यावर असतानाच बाबा खुर्चीवरून उठले. रेल्वेच्या चौकशीत उभं राहून सांगायचं असतं, ती सवय.

"तारीख एकोणीस ऑगस्ट. वार गुरुवार," ते म्हणाले. "वेळ सोळा सत्तेचाळीस. गाडी मी चालवत होतो. डोळे चांगले होते, रस्ता कोरडा होता, गाडीत बिघाड नव्हता. मर्यादा ऐंशी, वेग चौऱ्याण्णव. करजणपासून पुढे सहायकानं तीनदा ऐंशीची हाक दिली. मी एकदाही परत म्हटली नाही. दोष माझा."

उदयसिंहरावांनी पेन खाली ठेवलं.

"सहायक कोण, काका?"

"माझी बायको."

उदयसिंहरावांनी माझ्याकडे बघितलं, मी मृत्यूचा दाखला पुढे सरकवला. त्यांनी तारीख वाचली, दवाखान्याच्या कागदावरची वेळ वाचली, आणि मग ते कॉम्प्युटरकडे वळले. गाडीचा नंबर टाकला, पानं वर-खाली केली. मग त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"पण हे चलनच खोटं आहे," ते म्हणाले. "मशीननं तुमची गाडी मालाच्या व्हॅनमध्ये टाकली आहे. ह्याच मॉडेलच्या मालाच्या गाड्या पण फिरतात ने, म्हणून भूल झाली असेल. मालाच्या गाडीला ऐंशी. तुमची तर माणसांची, प्रायव्हेट. तिला तिथे शंभर चालते."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे काकांनी काही गुन्हा केलाच नाही. चौऱ्याण्णव तर लिमिटमध्येच आहे. माफीची अरजीच नको, बेन. चलनच रद्द."

मला हसू यायला लागलं आणि डोळ्यांत पाणीही. इतकं सोपं होतं. बाबांनी मर्यादा ओलांडली नव्हती, आईची हाक मोडली नव्हती, काहीच झालं नव्हतं. मी त्यांच्याकडे वळले. ते अजून उभेच होते.

"शंभर?" त्यांनी विचारलं.

"हा, शंभर."

"नक्की?"

उदयसिंहरावांनी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. बाबा वाकले, चष्मा नाकावर वर सरकवला आणि तो आकडा वाचला. मग त्यांनी शाळेतल्या मुलासारखी मान हलवली आणि ते खाली बसले. रद्द झाल्याचा कागद छापून आला, उदयसिंहरावांनी त्यावर सही-शिक्का केला आणि तो दोन्ही हातांनी बाबांना दिला. बाहेर पडताना ते दारापर्यंत आले. "काकी गेल्या ते वाईट झालं," एवढंच म्हणाले.

*

व्हॅन आवारातल्या कडुनिंबाखाली उभी होती. बाबा आत बसले, पण किल्ली लावली नाही. मी पुढचं दार उघडलं आणि आईच्या जागेवर बसले. त्यांनी खिशातून पेन काढलं, तो रद्दचा कागद मांडीवर पालथा घातला आणि त्यावर काहीतरी मांडायला लागले. शाळेत मी मुलांना शिकवते तसलाच हिशोब. अंतर, वेग, वेळ.

"करजणपासून बडोद्याच्या वेशीवर, जांबुव्यापर्यंत सत्तावीस किलोमीटर," ते म्हणाले. "शंभरनं आणि चौऱ्याण्णवनं. एक मिनिट दोन सेकंदांचा फरक."

"बाबा."

"रेल्वेत गाडीला जेवढा वेग दिलाय तेवढा घेतला नाही, तर तोही गुन्हा असतो, वसू. वेळ का गेला ते लिहून द्यावं लागतं." ते कागदाकडेच बघत होते. "सहा राहिले. माझ्याकडे सहा होते आणि मी ते घेतले नाहीत."

मी त्यांच्या माथ्यावरचा गुन्हा पुसायला आले होते, आणि त्या जागी हा नवा ठेवला होता.

"तिनं ऐंशी म्हटलं की माझा पाय आपोआप उचलला जायचा," ते म्हणाले. "परत दाबायचा, की पुढचा बोर्ड. ती परत म्हणायची. दुखत होतं तिला, ओठ दाबून धरले होते, पण बोर्ड आला की हात वर. तिला ऐंशी मीच शिकवलं. चित्र बघून मीच ठरवलं. शंभर शिकवलं असतं तर तिनं शंभर म्हटलं असतं." ते पुढे म्हणाले, "वाटेत पोर नावाचं गाव आहे, तिथल्या पुलापर्यंत ती म्हणत होती. जांबुव्याला बोर्ड आला, तर तिकडून काही नाही. मग मीच म्हटलं, ऐंशी. दोनदा म्हटलं. ती परत म्हणाली नाही."

चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी मला हे सांगितलं होतं. आणि मी त्यांना हे सांगायची संधीच दिली नव्हती. मी दवाखान्यात एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर मीच देऊन टाकलं होतं आणि मग तोंड फिरवून बसले होते. ते त्या एका मिनिटात आणि दोन सेकंदांत आता उरलेलं आयुष्य काढतील, हे मला लख्ख दिसलं. ते थांबवणारी गोष्ट माझ्याकडे होती, आणि ती सांगितल्यावर मी त्यांच्या नजरेत काय राहणार हेही दिसत होतं.

"बाबा, एक मिनिटानं काही झालं नसतं," मी म्हटलं. "अर्ध्या तासानंही नसतं झालं. तिची मोठी रक्तवाहिनी फाटली होती. दवाखान्याच्या दारात असतं झालं तरी वाचवता आलं नसतं. डॉक्टर म्हणाले तसं."

ते माझ्याकडे वळले.

"कधी म्हणाले?"

खोटं बोलायचा मोह झाला. परवा फोन केला होता, असं म्हटलं असतं तर खपून गेलं असतं.

"त्याच दिवशी. तुम्ही बाहेर बाकावर बसला होता तेव्हा. तुम्हाला सांगा म्हणाले होते. मी सांगितलं नाही."

"का?"

"मला तुमच्यावर राग धरायचा होता."

बाबांनी पेनाला टोपण लावलं आणि ते खिशात ठेवलं. कागदाची घडी घातली, ती उलगडली, पुन्हा घातली. मी वाट बघत होते, ते ओरडतील म्हणून. लहानपणापासून ते माझ्यावर कधी ओरडले नाहीत, पण त्या वेळी ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. आवारात कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, एक बाई किक मारत होती. ती सुरू होऊन बाई निघून गेली.

मग ते बोलले. आवाज शांत होता, पहिल्यांदाच इंजिनात चढलेल्या नव्या सहायकाशी बोलावं तसा.

"सिग्नल दिसला की लगेच सांगायचा असतो, वसू. मागाहून सांगून उपयोग नसतो."

"हो, बाबा."

त्यांनी किल्ली फिरवली. गाडी कुरकुरली आणि चालू झाली. फाटकातून बाहेर पडल्यावर त्यांनी डावीकडे घेतलं, मोठ्या रस्त्याला लागले. दुपारची वेळ होती, रस्ता बऱ्यापैकी मोकळा होता. पुढे डाव्या कडेला बोर्ड दिसला.

मी हात उचलला. ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं, "चाळीस."

बाबा समोर बघत होते. बोर्ड जवळ आला. ते काही बोलले नाहीत. हात खाली घ्यावा की नाही ते मला समजेना, म्हणून मी तो तसाच वर धरून ठेवला. हाक दिल्यावर पलीकडून काही येत नाही तेव्हा कसं वाटतं, ते मला त्या दहा-बारा सेकंदांत कळलं. आईला ते करजणपासून तीनदा वाटलं होतं, बाबांना जांबुव्याला दोनदा.

बोर्ड मागे गेला. पुढच्या चौकापाशी बाबांनी गाडी हळू केली, आरशात एकदा बघितलं आणि म्हणाले, "चाळीस."

मी हात खाली घेतला.